कुंचला हातात, हिशेब कागदावर

भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरू लागतात. धानाची कापणी उरकत आलेली असते, गावोगाव शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, बोलणी सुरू होतात आणि रात्री मांडवात नाटक उभं राहतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत हा हंगाम होळीच्या आसपास संपतो. त्याचं केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज. नाटक मंडळ्यांचं बुकिंग तिथून चालतं, नट, नट्या आणि वादक तिथूनच गावोगाव निघतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला लाखांदूर तालुका या वडशाच्या शेजारचा. धानाची शेती, मोठ्या कारखान्यांचा अभाव, रेल्वे गाठायची तर वडशालाच जायचं. अशा ठिकाणी एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा हात चित्रकलेत चांगला चालतो असं दिसलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: यानं पोट कसं भरणार? प्रश्न रास्त आहे. त्यात कलेचा द्वेष नसतो, काळजी असते. पण त्याचं उत्तर मुलाला कोणी देत नाही. चित्र कसं काढायचं हे शाळेत थोडं, महाविद्यालयात पुष्कळ शिकवलं जातं. चित्राचा भाव कसा ठरवायचा, कामाचा कागद कसा करायचा, हक्क कोणाकडे राहतो, काढलेल्या चित्रांची नोंद का ठेवायची, हे बहुतेकांना ठेच लागल्यावरच कळतं. चित्रकाराची कारकीर्द कलेच्या कमतरतेपेक्षा या अज्ञानानं जास्त वेळा अडते.

आणि लाखांदूरच्या परिसरात चित्रकाराला कामच नाही, हे तर खरंच नाही. नाटक म्हटलं की पडदा आला, जाहिरात आली, मंचाची सजावट आली. गणपतीपासून शारदा-दुर्गेपर्यंत मूर्ती हव्या असतात. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी नंदी सजवून घेऊन निघतात, ते कोरणारे आणि रंगवणारे हात लागतात. शाळेच्या, अंगणवाडीच्या, ग्रामपंचायतीच्या भिंती रंगवून घेतल्या जातात. काम आहे. त्या कामाचा व्यवसाय करणं हे वेगळं शिक्षण आहे.

मराठी माणसाला याचं सर्वांत चांगलं उदाहरण नाटकाच्या पडद्यामागेच सापडतं. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे दोघे संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, देवालय असे खोलीचा भास देणारे पडदे. त्यांची इतकी ख्याती झाली की मेस्त्री आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. पुढे बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करून घेतला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आपल्या चित्रपटांची पोस्टरंही ते रंगवत. व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले. कलाशाळेची पदवी बाबूरावांकडे नव्हती. पण गिऱ्हाइकाला काय हवं आहे ते समजून घेणं, ठरल्या वेळी काम पुरं करणं आणि एका कामातून पुढच्या कामाची वाट काढणं त्यांना येत होतं. पडदा रंगवणं म्हणजे हलकं काम आणि कॅनव्हास म्हणजे थोर काम, ही प्रतवारी त्यांनी कधी मानली नाही. आजच्या झाडीपट्टीतल्या तरुण पेंटरनंही ती मानू नये.

औपचारिक शिक्षणाची वाट मात्र माहीत असायला हवी, कारण ती खेड्यातूनही निघते. राज्याचं कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झालं. शाळकरी मुलांसाठीच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा त्याच्या अखत्यारीत होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन अशी त्यांची मांडणी आहे. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्याला दहावीत वाढीव गुण मिळतात: ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. अनेक पालक या गुणांपुरतीच ही परीक्षा देववतात आणि दहावी झाली की रंगाची पेटी माळ्यावर जाते. खरं तर अक्षरलेखन आणि संकल्पचित्र हे दोन विषय पुढे रोजच्या कमाईचे ठरू शकतात.

बारावीनंतर चार वर्षांची ललित कलेची पदवी घेता येते. त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. लाखांदूरच्या मुलाला सर्वांत जवळचं सरकारी ठिकाण म्हणजे नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा, म्हणजेच ‘जेजे’, १८५७ पासूनची, तिचं नाव मोठं. पण नागपूरचं नावही लहान समजू नये. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. तेही जंगलपट्टीतलं खेडंच. रझा १९३९ मध्ये चित्रकला शिकायला नागपूरला आले आणि १९४३ मध्ये मुंबईला गेले. वासुदेव गायतोंडे यांचं मूळ घराणं गोव्याचं, जन्म मात्र १९२४ चा, नागपूरचा. बी. प्रभा १९३३ मध्ये नागपूरजवळच्या बेला गावात जन्मल्या, नागपूरला शिकल्या आणि मग ‘जेजे’त गेल्या. कोळीण, मजूर स्त्री, पाणी वाहणारी बाई अशा लांबसडक आकृत्या त्यांनी आयुष्यभर रंगवल्या. १९५६ मध्ये एअर इंडियानं चित्रं विकत घेऊन आपला संग्रह सुरू केला तो बी. प्रभांच्या सहा चित्रांपासून, एका चित्राला ८७ रुपये ५० पैसे देऊन. त्या वेळी प्रभा अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. बेला गावच्या मुलीचं चित्र विमान कंपनीनं घ्यावं, ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक चित्रकला शिक्षकानं वर्गात सांगावी अशी आहे.

आता पोटाचा प्रश्न. मोठ्या चित्रकारांची चरित्रं वाचताना वाचकाची नजर लिलावातल्या आकड्यांवर जाते. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं कशी गेली, हे पान सहसा चाळलं जातं. रझा मुंबईत आले आणि एका ब्लॉक मेकिंग स्टुडिओत नोकरीला लागले. छपाईचे ठसे तयार करणाऱ्या त्या कारखान्यात दिवसा काम आणि संध्याकाळी चित्रकलेचा अभ्यास. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत. १९४० च्या दशकात ते एका फर्निचरच्या दुकानासाठी मुलांची खेळणी आणि फर्निचर तयार करत. प्रभाकर बरवे यांनी वीसेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, कापडाचे नमुने केले आणि त्याच काळात मराठी चित्रकलेतली अत्यंत विचारी अशी चित्रं रंगवली. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पडायला हवं. सुधीर पटवर्धन यांनी तर वैद्यकीचं शिक्षण घेतलं. ठाण्यात १९७५ पासून २००५ पर्यंत त्यांनी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. लोकलनं जाणारी, गिरणीतून परतणारी, इराण्याच्या हॉटेलात बसलेली माणसं त्यांनी तीस वर्षं या व्यवसायासोबत रंगवली.

यांपैकी कोणाचीही कला नोकरीनं कमी केली नाही. उलट घरभाड्याची चिंता मिटल्यामुळे चित्र विकलं जावं म्हणून चित्र बदलण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. म्हणून दुसरी कमाई असणं हा चित्रकाराचा पराभव नाही. अट एकच: आठवड्यातले काही तास स्वतःच्या चित्रासाठी राखून ठेवायचे आणि ते कोणालाही द्यायचे नाहीत. गावातल्या नातेवाइकांना आणि मित्रांना ही अट समजावून सांगणं शहरापेक्षा अवघड जातं. घरी आहे म्हणजे मोकळा आहे, असं धरलं जातं. तिथे ठाम राहावं लागतं.

पूर्वी या दुसऱ्या कमाईसाठी चित्रकला शिक्षकाची नोकरी हा हमखास मार्ग होता. ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) केलं की माध्यमिक शाळेत जागा मिळे. तो मार्ग आता अरुंद झाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही पटसंख्या शंभरावर असेल तिथे, कलेसाठी अंशकालीन निदेशक एवढीच तरतूद आहे. तालुक्यातल्या लहान पटाच्या शाळांचा विचार केला तर याचा अर्थ स्पष्ट होतो. शिकवण्यातली कमाई संपली, असं मात्र नाही. सावंतवाडीहून मुंबईत आलेल्या सावळाराम हळदणकरांनी १९०८ मध्ये स्वतःची चित्रकला संस्था काढली. ती चालवत असतानाच त्यांनी जलरंगात असं प्रावीण्य मिळवलं की दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र आजही म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात लोक थांबून पाहतात. इंटरमिजिएटच्या तयारीचा वर्ग, सुट्टीतलं शिबिर, बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेचं मार्गदर्शन, हे सगळं लाखांदूरसारख्या गावातही करता येतं.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे शिल्पकार राम सुतार यांची वाट आणखी वेगळी. सुताराच्या घरात १९२५ मध्ये जन्म, ‘जेजे’त सुवर्णपदक, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी. वेरूळ-अजिंठ्यातल्या भंगलेल्या शिल्पांची दुरुस्ती करता करता हात तयार झाला. १९५९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि दिल्लीत स्वतंत्र काम सुरू केलं. २०१८ मध्ये नर्मदेकाठी उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांचाच. नोकरी सोडण्याआधी त्यांनी तिच्यातून शिकता येईल तेवढं शिकून घेतलं होतं. सोडायची कधी, हे ठरवण्यासाठी हा निकष चांगला आहे.

भावाचा विषय निघाला की चित्रकार गप्प होतो. गावात ओळखीच्या माणसाला आकडा सांगणं संकोचाचं वाटतं. ‘द्या काय द्यायचं ते’ असं म्हणून सुटका करून घेतली जाते आणि मग वर्षभर मनात सल राहतो. इथे हिशेब मदतीला येतो. समजा, शाळेची ४०० चौरस फूट भिंत रंगवायची आहे. रंग, ब्रश आणि पुट्टीला ९,००० रुपये लागले. मदतनिसाची सहा दिवसांची मजुरी ५०० रुपयांप्रमाणे ३,००० झाली. येण्याजाण्याचे आणि जेवणाचे १,५०० धरले. म्हणजे खिशातून जाणारे १३,५०० रुपये. चित्रकाराचे स्वतःचे आठ दिवस, ज्यात भिंत पाहणं आणि कच्चं रेखाटन आलं, रोजचे १,००० रुपये धरले तर ८,००० होतात. एकूण २१,५०० रुपये. चौरस फुटाला सुमारे ५४. हा हिशेब न मांडता कोणी ‘तीस रुपये फूट’ म्हणून काम घेतलं तर हाती येतात १२,०००. आठ दिवसांचे कष्ट तर गेलेच, वर दीड हजार पदरचे गेले. असं काम वर्षातून चार वेळा केलेला तरुण पाचव्या वर्षी ब्रश ठेवून दुसरा धंदा पाहतो आणि लोक म्हणतात, कलेत पैसा नाही.

कॅनव्हासचा भाव वेगळ्या रीतीनं ठरतो. नवोदित चित्रकार बहुधा आकारावर दर लावतात. चौरस इंचाला १० रुपये धरले तर २४ बाय ३६ इंचांचं चित्र ८,६४० रुपयांचं होतं. दर किती, हे त्या चित्रकाराच्या प्रदर्शनांवर, आधीच्या विक्रीवर आणि अनुभवावर ठरतं आणि हळूहळू वाढतं. महत्त्वाचं हे की घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि गॅलरीत येणाऱ्याला भाव एकच सांगायचा. गॅलरी विकलेल्या चित्रावर सर्वसाधारणपणे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत रक्कम घेते. तेव्हा सुरुवातीचा आकडाच असा असावा की हा वाटा गेल्यावरही चित्रकाराकडे काही उरेल. एकदा वाढवलेला दर खाली आणता येत नाही, म्हणून वाढवायची घाई करू नये. कराच्या बाजूनं एक बातमी बरी आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रं आणि शिल्पांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणूनच इथे सविस्तर सांगायची गोष्ट म्हणजे हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकारानं आपल्या मनानं काढलेल्या चित्राचा हक्क त्याचाच असतो, तोही हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्र विकलं म्हणजे फक्त ती वस्तू विकली. घेणाऱ्याला ते भिंतीवर लावता येईल, पण त्यावरून कॅलेंडर छापता येणार नाही. मात्र एक मोठा अपवाद आहे आणि गावातल्या चित्रकाराला नेमका तोच लागू पडतो. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून दिलं तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क सांगणाऱ्याचा होतो. वडिलांच्या फोटोवरून काढून दिलेलं पोर्ट्रेट असो की नाटक मंडळीसाठी काढलेलं चित्र, आधी चार ओळी लिहून घेतल्या नाहीत तर ते पुढे कशावरही छापलं गेलं तरी चित्रकाराला त्याचा मोबदला मागता येत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा झाला तर तो लेखीच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता धरतो.

याच कायद्याचं सत्तावन्नावं कलम चित्रकाराच्या मानाशी जोडलेलं आहे. हक्क विकले तरी कृतीवर आपलं नाव असावं आणि तिची विटंबना होऊ नये, हे मागण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात १९६२ मध्ये लागलं. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि त्याचे तुकडे गोदामात पडले. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेलं शिल्प त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. शिल्पाची किंमत सरकारनं कधीच चुकती केली होती, शिल्प सरकारच्याच मालकीचं होतं, तरीही न्याय कलावंताच्या बाजूनं लागला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्यानंही हा निकाल लक्षात ठेवावा.

कायद्यात पुनर्विक्रीचंही एक कलम आहे. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. व्यवहारात हा हक्क क्वचितच वापरला जातो. पण चित्राचा माग ठेवणं किती मोलाचं असतं, हे एका लिलावात दिसलं. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं १९५४ चं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. ज्या वर्षी ते रंगवलं त्याच वर्षी एका डॉक्टरनं ते दिल्लीत घेतलं होतं. पुढे ते ऑस्लोच्या इस्पितळाकडे गेलं आणि अनेक दशकं तिथल्या भिंतीवर राहिलं. इतक्या वर्षांनी ते हुसेन यांचंच आहे हे निर्विवाद सांगता आलं, कारण कोणी घेतलं, कधी घेतलं, कुठे होतं याचा माग कागदावर होता. नागपूरला जन्मलेले गायतोंडे वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करत. त्यांचं १९७० चं एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये ६७ कोटींवर गेलं. या आकड्यांनी कोणी दिपून जाऊ नये. कोट्यवधींचे लिलाव मोजक्या नावांचे असतात आणि तो पैसा जुन्या खरेदीदारांकडे जातो.

पण नोंदीचा धडा प्रत्येकासाठी आहे. एक वही करावी. चित्राला क्रमांक, वर्ष, आकार, माध्यम, कोणाला दिलं, किती रुपयांना दिलं, एवढं लिहावं. सावलीतल्या उजेडात काढलेला सरळ फोटो ठेवावा. चित्र हातातून जाण्याआधी फोटो काढला नाही तर ते चित्र चित्रकाराच्या कामातून कायमचं वजा होतं. महादेव विश्वनाथ धुरंधर हे कोल्हापूरचे. विद्यार्थी म्हणून १८९० मध्ये ‘जेजे’त आले, तिथेच शिक्षक झाले, पुढे संचालकपदापर्यंत पोचले. पोस्टकार्डं, कॅलेंडरं, पुस्तकांची चित्रं, व्यक्तिचित्रं असं सगळं काम त्यांनी केलं आणि ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहून ठेवलं. शंभर वर्षांपूर्वीचा मराठी चित्रकार कसा जगला, काय कमावलं, कोणाकोणाला भेटला हे आज कळतं, ते त्यांच्या या सवयीमुळे.

प्रदर्शनाबद्दल दोन गैरसमज दिसतात. एक म्हणजे जहांगीरला प्रदर्शन झालं की कारकीर्द झाली. मुंबईची जहांगीर कलादालन ही वास्तू १९५२ पासून उभी आहे आणि तिथल्या तारखांसाठी फार आधी अर्ज करून वाट पाहावी लागते. ती वाट जरूर पाहावी, पण त्या काळात राज्य कला प्रदर्शनाला, १८८८ पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला, नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या उपक्रमांना चित्रं पाठवत राहावं. दुसरा गैरसमज असा की खेड्यातल्या माणसाला सरकारी मदत मिळत नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. दृश्यकला त्यात आहे. पंचविशीनंतर कनिष्ठ आणि चाळिशीनंतर वरिष्ठ फेलोशिप आहे, दरमहा अनुक्रमे १०,००० आणि २०,००० रुपयांची. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत मूर्तिकार, कुंभार, सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे आहेत. नंदी कोरणाऱ्यानं आणि मूर्ती घडवणाऱ्यानं या योजनेसाठी अर्ज करावा. चित्रकार मात्र त्या यादीत नाही, ही उणीव दूर व्हायला हवी.

फ्लेक्स आल्यावर गावोगावच्या पेंटरांचं पाट्या रंगवण्याचं काम गेलं, हे नुकसान खरं आहे. दुकानाच्या पाटीवरचं वळणदार देवनागरी अक्षर त्यासोबत गेलं. जे टिकले ते भिंतीकडे, मूर्तींकडे, व्यक्तिचित्रांकडे वळले. भिंतींचं काम वाढतं आहे. शाळा सुंदर करण्याच्या सरकारी स्पर्धा, स्वच्छतेच्या मोहिमा, बोलक्या भिंतींचे उपक्रम यांतून ते गावात येतं. तिथे एक धोका आहे. सगळीकडे तेच कार्टून, तोच रेल्वेचा डबा, तीच इंटरनेटवरून उतरवलेली झाडं. लाखांदूरच्या शाळेच्या भिंतीवर चुलबंद आणि वैनगंगा यावी, धानाची रोवणी यावी, दंडार हे इथलं लोकनाट्य यावं, शंकरपटाची बैलजोडी यावी. शेजारच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे कोरीव अवशेष सापडले. त्यातल्या आकृती आजच्या मुलांनी का पाहू नयेत? जो चित्रकार आपल्या मुलखाचं चित्र काढतो त्याला नक्कल करणारा स्वस्तात हटवू शकत नाही. व्यवसायाच्या दृष्टीनंही हाच शहाणपणाचा रस्ता आहे.

यात चित्रकाराइतकीच जबाबदारी काम देणाऱ्यांची आहे. लाखांदूर तालुक्यातल्या शाळांनी, ग्रामपंचायतींनी, नगर पंचायतीनं आणि नाटक मंडळांनी पुढचं काम देताना एवढं करावं: किती फूट, किती दिवस, किती रुपये हे कागदावर लिहून द्यावं, रंगाच्या खर्चाइतकी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली काम संपल्यापासून महिन्याच्या आत चुकती करावी आणि भिंतीच्या किंवा पडद्याच्या कोपऱ्यात चित्रकाराला त्याचं नाव आणि गाव लिहू द्यावं.